जांभ्याचे छत आणि चुन्याची छत्री

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले आणि विटांचा प्राचीन स्तूप उजेडात आला. तुम्ही भंडाऱ्याकडचे असाल तर तो पाहिलाही असेल. त्याचा आकार घुमटाचा, पण आतून तो भरीव. भरीव वास्तूला कोसळायला छतच नसते! खरी कसोटी लागते ती पोकळी झाकताना, आणि ती कशी लागते हे पाहायला जुन्या गोव्याला जावे लागेल.

तिथे एका टेकडीवर सुमारे ४६ मीटर उंचीचा, अर्धाच उरलेला मनोरा उभा आहे. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा तो अवशेष. चर्च पुरे झाले १६०२ साली, म्हणजे युरोपात बरोक शैली नुकती डोके वर काढीत होती तेव्हा. मधल्या विशाल दालनावर कमानीसारखे वळवलेले दगडी छत होते.

असे छत उभे कसे राहते? दोन फळ्या माथ्याशी एकमेकींना टेकवून उभ्या करा. त्यांचे पाय बाहेर घसरू पाहतात. तोच कमानीचा रेटा. तो भिंतींनी सोसायचा असतो, म्हणून भिंती इतक्या जाड. रोमच्या सेंट पीटरचा घुमटसुद्धा या रेट्याने तडकला होता. १७४० नंतरच्या दशकात त्याला लोखंडी कडी घालावी लागली.

गोव्यात दगड मिळाला तो जांभा, कोकणातला चिरा. खाणीत मऊ, सहज कापता येणारा. उघड्या हवेत तो टणक होतो. गवंड्याला याहून सोयीचे काय हवे? पण जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून त्याला चुन्याचा गिलावा हवाच. आपण गिलावा म्हणजे नटवेपणा समजतो. इथे ती छत्री आहे.

१८३५ साली धर्मसंघ बरखास्त झाले, चर्च ओस पडले. डागडुजी थांबली. १८४२ साली छत कोसळले. अवघे सात पावसाळे! पुढे १९३१ साली दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भागही गेला. घंटा तेवढी वाचली. ती आज पणजीच्या चर्चमध्ये आहे.

हे सारे डोळ्यांसमोर असताना जवळच्याच बॉम जेझूस चर्चचा (१५९४-१६०५) बाहेरचा गिलावा १९५० नंतरच्या काही वर्षांत मुद्दाम काढून टाकला गेला. दगड उघडा दिसला की इमारत अधिक प्राचीन वाटते, अशी ही हौस. आज लोक त्या तांबड्या भिंतीलाच मूळ रूप समजून छायाचित्रे काढतात. गिलावा पुन्हा चढवावा अशी मागणी होते, तेव्हा 'ओळख पुसेल' म्हणून विरोधही होतो. मला विचाराल तर चढवावा. ती ओळख जेमतेम सत्तर वर्षांची आहे. भिंत चारशे वर्षांची.

तुम्ही गेलात तर शक्यतो पावसाळ्यात जा, आणि बाहेरच्या चिऱ्यांवरचे शेवाळ जरा जवळून पाहा.