संशोधनातील सहभागी व आपले कर्तव्य



अहवालातील जमाखर्चात न दिसणाऱ्या एका दानाविषयी आज आम्ही बोलू इच्छितो. वैद्यकीय संशोधनात सहभागी होणाऱ्या सामान्य माणसांचे ते दान होय.

आपल्या मराठवाड्यातच याचे मोठे उदाहरण आहे. १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल सेंटर व बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास आरंभिला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया होत्या. गावांचे चार गट झाले. तीन गटांत निरनिराळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या गटास तपासणी कोठे मिळते, एवढी माहिती देण्यात आली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची एकवार तपासणी झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच संख्येच्या चौथ्या गटात ६४. आज जागतिक आरोग्य संघटना याच तपासणीस प्राधान्य देते.

चौथ्या गटावरून पुढे मोठा वाद झाला. उपयुक्त तपासणी ठाऊक असता काही स्त्रियांना तिच्यावाचून ठेवणे न्याय्य होते काय, असे टीकाकारांनी विचारले. एरवीही तेथे नियमित तपासणी होत नव्हती, असे समर्थन झाले. तुलनेवाचून ज्ञान मिळत नाही, हे आम्ही मानतो. परंतु आपण कोणत्या गटात आहोत व का, हे समजण्याचा हक्क त्या प्रत्येक स्त्रीचा होता, असे आमचे मत आहे.

१९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २०२४ साली ‘प्रयोगविषय’ या अर्थाचा शब्द जाऊन ‘सहभागी’ हा शब्द आला. नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आपल्या देशात २०१९ चे नियम आहेत. त्यांनुसार संमतिपत्राची प्रत सहभागीस द्यावी लागते आणि निरक्षर व्यक्तीसाठी निःपक्ष साक्षीदार लागतो.

तरीही धावड्यासारख्या गावी डॉक्टरांनी पुढे केलेल्या कागदास नकार देणे रुग्णास जड जाते. म्हणून आमच्याकडे असा प्रस्ताव आल्यास दोन अटी राहतील: नकार देणाऱ्याच्या उपचारात तिळमात्र फरक पडणार नाही, आणि निष्कर्ष गावात येऊन मराठीत सांगितले जातील. देणगीदारास पावती मिळते. स्वतःच्या देहाने ज्ञानात भर घालणाऱ्यास निदान उत्तर तरी मिळावे. विश्वस्तांनी या अटींस मान्यता द्यावी, ही नम्र विनंती.