चाकरमान्यांची शिदोरी
(मंदिर जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



कोकणातल्या कोणत्याही देवळात देणगीदारांच्या नावांची फरशी पाहावी. नावापुढे परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी हे पत्ते हटकून वाचायला मिळतात. देव कोकणचा आणि वर्गणी गिरणगावची, अशी ही पिढ्यान्‌पिढ्यांची जोड आहे. वर्गणीचा हिशेब अहवालात छापला जातो. पण ती वर्गणी देणारा माणूस परमुलखात जगला कसा, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. आजच्या मंगल दिवशी तो थोडा मांडणे उचित होईल.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. मागोमाग गिरण्यांची रांग लागली. इकडे तुकड्याची शेती, त्यात खोताचे देणे. कोकणचा तरुण ट्रंक आणि वळकटी घेऊन बोटीने मुंबईस उतरला. घाटावरून सातारा, सांगली, कोल्हापूरकडचा आला. बायकामुले बहुधा गावीच राहत, कारण गिरणीच्या पगारात बिऱ्हाड करणे झेपत नसे. एकेका खोलीत पंधरा-वीस जण. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. गावाहून नवा पोरगा आला की नोकरी लागेपर्यंत गावकीची खोली हेच त्याचे घर.

या माणसांना जगवले ते खाणावळवाल्या बाईने. दहा बाय बाराच्या खोलीत स्वतःचा संसार सांभाळून ती दहा-वीस माणसांचे दोन वेळचे रांधी. घाटावरच्याला भाकरी आणि झुणका, कोकणातल्याला भात, कुळथाची पिठी आणि सुक्या मासळीचे कालवण. ज्याच्या त्याच्या मुलखाची चव ज्याच्या त्याच्या ताटात पडे. पैसे पगाराच्या दिवशी. वाण्याची उधारी मात्र तिच्या नावावर, आणि ती फेडायला सावकाराचे व्याज. संप झाला तरी तिने चूल विझू दिली नाही. ‘आला पगार की दे,’ एवढाच तिचा करारनामा. याच बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. सावकाराच्या दारी जाणाऱ्या बाईची बँकेत पत निर्माण झाली, ही लहान गोष्ट नव्हे.

पोट भरले तरी मन गावाकडे ओढ घेई. मग कोणी मृदंग आणला, कोणी टाळ. चाळीच्या गच्चीवर भजनाची डबलबारी रंगू लागली. कोकणची जाखडी मुंबईत आली, तिला शहरातले लोक बाल्या नाच म्हणू लागले. गिरणीतले साचेवाले परळच्या दामोदर नाट्यगृहात राजा-प्रधान होऊन उभे राहत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा साच्यावर. ही हौस खरी, पण नुसती हौस नव्हे. पोरगा बिघडू नये, गावचा ताल विसरू नये, यासाठीची ती राखण होती.

घाटावरचेही मागे नव्हते. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईस आले. त्यांनी गिरणीत काम केले, आणि १९४४ साली बार्शीचे अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. कामगाराची कथा कामगाराच्याच भाषेत डफावर आली. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने एक अनाथ मूल उचलून घरी आणले; तेच पुढे कवी नारायण सुर्वे झाले. अर्धपोटी माणसाने दुसऱ्याचे मूल वाढवले, हीसुद्धा गिरणगावची एक गोष्टच आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कित्येक जण गावी परतले, कित्येकांना हक्काची देणीही वेळेवर मिळाली नाहीत. पुढे गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या. खाणावळी उठल्या, गावकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या. नातवंडे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे पांगली. त्यांना आजोबाचे नाव फरशीवर दिसेल; पण आजोबा कोणाच्या हातची भाकरी खाऊन उभा राहिला, हे दगड सांगणार नाही.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडच्या आठवणी गोळा करून २००४ साली पुस्तकरूपाने पुढे आणल्या. एवढे मोठे काम प्रत्येक गावाला जमणार नाही. पण देवस्थानच्या कपाटात एक जाड वही ठेवता येईल. शिमग्याला, गणपतीला मुंबईकर आले की वडीलधाऱ्यांना ओटीवर बसवावे आणि शिकलेल्या नातवाने लिहून घ्यावे: कोणत्या गिरणीत होता, कोणत्या खोलीत राहिला, कोणाच्या खाणावळीत जेवला, भजनाचा बुवा कोण होता. ती पिढी आता थकली आहे. लिहायचे ते याच एक-दोन वर्षांत लिहून व्हावे.

आणि एक विनंती. महाप्रसादाच्या पंगतीत या गावच्या ज्या माउलींनी मुंबईत खाणावळी चालवल्या, त्यांना पहिला मान द्यावा. आयुष्यभर त्यांनी वाढले. एक दिवस गावाने त्यांना वाढावे. कळस सर्वांना दिसतो, पाया दिसत नाही. पण देऊळ उभे असते ते पायावर.