शिकवणाऱ्यांनीही शिकत राहावं म्हणून

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रम ठरवणाऱ्या आपल्या मित्राने मला फोनवर सांगितलं होतं, "तू कम्प्युटरवाली आहेस, पुण्याहून येतेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, बाप्पा, त्यावर तुमची पोरंच तुम्हाला माझ्यापेक्षा बरं सांगतील. मला वेगळ्याच विषयावर बोलायचं आहे. विषयाचं नाव जरा जड आहे : पुनर्वसन समुपदेशकांचं पुढचं शिक्षण. घाबरू नका, सुरुवात आपल्या वर्गापासूनच करते.

सकाळी आपण सगळे आपापल्या जुन्या बाकांवर बसलो. मी मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर. माझ्या डाव्या हाताची जागा रिकामी होती. ती कुणाची, हे मुलींना तरी सांगायला नको. पावसाळा लागला, रोवणी सुरू झाली, की तिची शाळा बुडायची. थंडी पडली की पुन्हा बुडायची. हातपाय दुखतात म्हणायची. खेळाच्या तासाला झाडाखाली बसून राहायची. आपण तिला काय म्हणायचो? "ढोंग करते." मीही म्हटलं आहे. एकदा तिच्या तोंडावर म्हटलं, "काहून वो, परीक्षा आली की बरोबर दुखते तुझं?" ती काहीच बोलली नाही. नववीच्या दुसऱ्या सहामाहीत तिने शाळा सोडली आणि त्यानंतर काही वर्षांत ती गेली.

तिच्या आजाराचं नाव मला दोन वर्षांपूर्वी कळलं. तिच्या धाकट्या भावाच्या मुलीची तपासणी झाली, सिकलसेल निघाला, आणि घरच्यांना आत्याचं दुखणं आठवलं. भावाला विचारूनच मी हे इथे सांगते आहे.

सिकलसेल आपल्या पूर्व विदर्भात घरोघरी ऐकू येणारं नाव आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा येतात. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, फार दमणं, यांनी त्रास वाढतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, म्हणून घरात कुणाला पत्ताच नसतो.

आता ऐका, त्या भाचीच्या बाबतीत काय झालं. तिच्या वडिलांना कुणीतरी समुपदेशकाकडे पाठवलं. माणूस चांगला होता, वेळ देऊन बोलला. म्हणाला, सिकलसेल आता दिव्यांगांच्या कायद्यात आला आहे, प्रमाणपत्र काढा, पोरगी दिव्यांग कोट्यातून सरकारी नोकरीला लागेल. घर सुखावलं. पोरीच्या शिक्षणाचं सगळं गणित त्या एका वाक्यावर बांधलं गेलं.

ते वाक्य अर्धंच खरं होतं. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले, आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांच्यासोबत सिकलसेलही आला. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये पाच टक्के जागा राखीव आहेत, त्याचा लाभ मिळतो. पण सरकारी नोकरीतलं चार टक्के आरक्षण ज्या प्रकारांना आहे, त्या यादीत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे कॉलेजचा दरवाजा उघडा आहे, नोकरीतला तो नाही. ज्याने हे अर्धंच वाचलं, त्याने एका घराला अर्ध्याच वाटेवर नेऊन सोडलं.

मला त्या माणसाचा राग आला. मग वाटलं, मी तरी कोण? २००२ मध्ये मी इंजिनिअर झाले, तेव्हा शिकलेलं आज माझ्या कामात जवळजवळ काहीच उरलेलं नाही. मी टिकले, कारण दर दोन-तीन वर्षांनी कंपनीने मला खुर्चीवर बसवून नवीन शिकवलं, आणि त्या दिवसांचा पगारही दिला. समुपदेशकाला असं कोण बसवतं?

त्यांच्यासाठीही व्यवस्था आहे. दिव्यांग व्यक्तींसोबत काम करणाऱ्यांसाठी १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला, आणि १९९३ पासून ती परिषद वैधानिक संस्था म्हणून काम करते. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, व्यवसाय समुपदेशक अशा लोकांची तिच्याकडे केंद्रीय नोंदवही असते. नोंदणीशिवाय हे काम करणं गुन्हा आहे. आणि नोंदणी एकदा झाली की जन्मभर पुरत नाही. पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षणवर्गांना बसून शंभर गुण जमवावे लागतात. कागदावर हे उत्तम आहे. अडचण अशी की गुण हजेरीचे मिळतात. वर्गात कुणी झोपला तरी मिळतात.

हे मला कळलं ते अशाच एका वर्गामुळे. नागपूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, त्यात मला दीड तास बोलावलं होतं. अंध मुलांसाठी कम्प्युटर आणि मोबाइल कसे बोलते करायचे, हा माझा विषय. एनव्हीडीए नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ते पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतं, फुकट मिळतं, मराठीही वाचतं. मी मोठ्या तोऱ्यात ते दाखवलं. संपल्यावर मागच्या रांगेतून एक वयस्क ताई उठल्या. म्हणाल्या, "मॅडम, हे मराठी बोलते, चांगलं आहे. पण माझ्याकडे सालेकसा, देवरीकडून बाया येतात, त्या घरी गोंडी बोलतात. पोरगा शाळेतली मराठी समजतो, माय नाही समजत. पोराने घरी मायला काय ऐकवायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस वर्षं सॉफ्टवेअर केलं, पण ऐकणारी आई कोणती भाषा बोलते हे मी कधी विचारलंच नव्हतं.

माझा तास संपला तरी मी थांबले, कारण पुढचा तास वेगळाच होता. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. त्या म्हणाल्या, प्रत्येकाने आपली चुकलेली एक केस सांगायची. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक गृहस्थ बोलायला लागले. पोलिओ झालेला एक तरुण त्यांच्याकडे आला होता, बारावी शिकलेला. त्या काळी एसटीडी-पीसीओ बूथ देताना दिव्यांगांना प्राधान्य असायचं. यांनी धावपळ करून त्याला बूथ मिळवून दिला. सत्कार झाला, फोटो निघाला. पुढे घराघरात मोबाइल आले, बूथ ओस पडला. तो तरुण पस्तिशीचा होऊन पुन्हा यांच्या दारात आला. "साहेब, आता काय?" ते गृहस्थ सांगत होते, "मी त्याला पुन्हा बूथच सुचवला. झेरॉक्सचा. कारण मला दुसरं काही माहीतच नव्हतं. तो बारावी झालेला होता, गणितात हुशार होता. मी त्याला काय येतं, काय शिकायचं आहे, हे दोन्ही वेळा विचारलं नाही. मी योजना बघितली, माणूस नाही बघितला."

त्या खोलीत नंतर तासभर जे चाललं, त्याला मी प्रशिक्षण म्हणते. एकाने विचारलं, आज तो आला तर आपण काय करू? कुणी लेखा-जोख्याचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुचवला, कुणी त्याच्या गावातली नेटवर्कची अडचण सांगितली. एक जण म्हणाला, आधी त्याच्या बायकोला बोलवा, घर तीच चालवत असेल. ते गृहस्थ सगळं वहीत उतरवून घेत होते. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

आमच्या कामातही अशी पद्धत आहे. काही बिघडलं की दुसऱ्या दिवशी बसायचं आणि कुणाला दोष न देता काय चुकलं ते लिहायचं. पण आमचं बिघडलं तर वेबसाइट तासभर बंद पडते. यांचं बिघडलं तर एखाद्याची पंधरा वर्षं जातात.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. भंडाऱ्यातून वेगळं होऊन १९९९ मध्ये आपला गोंदिया जिल्हा झाला. इथून नागपूर रेल्वेने सव्वाशे-एकशे तीस किलोमीटर. गोंदिया शहरातल्या माणसाला सकाळची गाडी पकडून जाता येतं. पण अर्जुनी मोरगावच्या किंवा देवरीच्या आतल्या गावात काम करणाऱ्याला तीन दिवसांच्या वर्गासाठी प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी मोजावी लागते. कोविडमध्ये हे वर्ग ऑनलाइन झाले, तेव्हा वाटलं, बरं झालं, अंतर मिटलं. पण अनेकांनी ते वर्ग मोबाइलच्या लहान पडद्यावर, एकट्याने, रेंज शोधत ऐकले. गुण मिळाले. चुकलेली केस सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

आणि इथे हे काम नोंदणी झालेले थोडेच लोक करतात असंही नाही. आशाताई करते, विशेष शिक्षक करतो, अंगणवाडी सेविका करते. घरात अपघात झाला, अर्धांगवायू झाला, मूल बोलत नाही असं लक्षात आलं, की पहिला प्रश्न यांनाच विचारला जातो. त्यांनी नोंदणीकृत समुपदेशकाची जागा घ्यावी असं मी म्हणत नाही. पण कुणाकडे पाठवायचं, आणि माहीत नसलेलं आश्वासन द्यायचं नाही, एवढं तरी त्यांना कुणी शिकवायला हवं.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेत कम्प्युटरची खोली आहे, शनिवारी दुपारी ती बंद असते. मुख्याध्यापक सरांशी मी बोलले आहे, त्यांची ना नाही. महिन्यातून एक शनिवार ती खोली परिसरातल्या समुपदेशकांना, विशेष शिक्षकांना, आशाताईंना द्यायची. परिषदेचा मान्यताप्राप्त ऑनलाइन वर्ग असेल तर मोठ्या पडद्यावर सगळ्यांनी मिळून बघायचा. त्यानंतर एक तास चुकलेल्या केसचा, नाव-गाव न घेता. इंटरनेटचा खर्च आणि यंत्रांची दुरुस्ती माझ्याकडे. दर तीन महिन्यांनी मी स्वतः येईन. महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या गोंदियालाच संपते, झोप लागली तरी स्टेशन चुकत नाही.

तुमच्याकडूनही काही हवं आहे. आपल्यात दोघे डॉक्टर आहेत, सिकलसेलवर बोलायला वर्षातून एक शनिवार द्या. एक वकील आहे, कायद्यातली अर्धी वाक्यं पूर्ण करायला ये. ज्यांच्या घरी गोंडी, पोवारी बोलतात, त्यांनी या माहितीचे छोटे आवाज रेकॉर्ड करून द्या. त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलेलं नाही, पण ते तुमच्या गळ्यात आहे. आणि निवृत्त झालेल्या आमच्या गुरुजनांनो, तुम्ही फक्त येऊन बसा. तुम्ही समोर असलात की आम्ही अजूनही नीट लक्ष देतो.

गुरुजनांना एक सांगते. त्या वेळी तिचं दुखणं तुम्हाला ओळखता आलं नाही, याचा दोष मी देत नाही. तुम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. आम्हा मुलींना तर मुळीच नाही. पण आज माहिती आहे. आजही ती पोचली नाही, तर तेवढं बोलणं आपल्याला सोसावं लागेल.

तिची भाची यंदा आठवीत आहे. औषध नियमित घेते, पाण्याची बाटली सतत सोबत ठेवते, आणि थंडीत स्वेटर घालून खेळाच्या तासाला झाडाखाली बसते. तिच्या वर्गशिक्षिकेला कारण माहीत आहे. वडिलांना मी नोकरीच्या कोट्याचं खरं सांगितलं, तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, मग तिला काय शिकवायचं ते आता नीट बसून ठरवू." त्या ठरवण्याला जाणकार माणूस लागेल, आणि तो इथे, जवळ लागेल.

चहाच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. जेवणाआधी त्यात नाव आणि कोणता शनिवार जमेल ते लिहा. पहिलं नाव मी लिहिलं आहे.