बागेंतील यंत्रें आणि विजेचा प्रवाह



आषाढ लागला म्हणजे बंगल्यापुढील हिरवळ पाहतां पाहतां घोट्याच्या वर चढते, मेंदीचें कुंपण रस्त्यावर डोकावूं लागतें, आणि माळ्याची वाट पाहून कंटाळलेला गृहस्थ विजेवर चालणारें गवत कापण्याचें यंत्र घरीं आणतो. दुकानांत तो पातें पाहतो, चाकें पाहतो, रंगहि पाहतो. परंतु यंत्रावर चिकटविलेली लहानशी पट्टी क्वचितच वाचतो. आज त्या पट्टीविषयींच बोलावयाचें आहे.

पट्टीवर वॅटचा आंकडा असतो. आपल्याकडे घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट. वॅटला त्यानें भागलें कीं किती अँपियर प्रवाह लागेल याचा अंदाज येतो. कुंपण कातरण्याचें ५०० वॅटचें यंत्र दोन अँपियरहून किंचित् अधिक घेतें, १४०० वॅटचें गवत कापण्याचें यंत्र सुमारें सहा, आणि २००० वॅटची साखळी-करवत जवळजवळ नऊ. घरांतील लहान सॉकेट ६ अँपियरचें व मोठें १६ अँपियरचें असतें. म्हणजे गवताचें यंत्र लहान सॉकेटावर अगदीं काठावर येऊन बसतें. त्यांतून मोटार सुरू होतांना क्षणभर नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते, व ओलें गवत पात्यांत अडकलें कीं पुन्हां तोच प्रकार! सॉकेट सोळाचेंच घ्यावें. मोठा प्लग लहान सॉकेटांत बसविणारा जोड बाजारांत मिळतो खरा. पण त्यानें भिंतींतील तार जाड होत नाहीं.

बाग घरापासून दूर, म्हणून वाढीव तार आली. ०.७५ चौरस मिलिमीटरची ३० मीटर लांब तार घेतली, तर जातां-येतां प्रवाहास ६० मीटर तांबें ओलांडावें लागतें. सहा अँपियरला सुमारें नऊ व्होल्ट वाटेंतच खर्च होतात, आणि पन्नासांहून अधिक वॅटची उष्णता तारेंत निर्माण होते. तार पसरलेली असेल तर ती वाऱ्यावर निघून जाते. रिळावर गुंडाळलेली असेल तर आंतल्या आंत कोंडते व वेष्टन वितळूं लागतें. रीळ पुरतें उलगडावें. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ही हानि निम्म्यावर येते.

येथपर्यंत यंत्राची व तारेची काळजी झाली. माणसाचें काय? फ्यूज किंवा एम्.सी.बी. तारेची राखण करतें. फाटक्या वेष्टनांतून ओल्या हिरवळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या देहांतून जो प्रवाह जमिनींत जातो, तो सोळा अँपियरच्या फ्यूजला जाणवतहि नाहीं. परंतु अँपियरचा दहावा भाग हृदयाची लय मोडून प्राण घेण्यास पुरेसा आहे. यासाठीं आर्.सी.सी.बी. नांवाचें निराळें उपकरण लागतें. जाणारा व परतणारा प्रवाह तें सतत ताडून पाहतें, आणि ३० मिलिअँपियरची तूट पडतांच क्षणार्धांत वीज तोडतें. बागेच्या सॉकेटामागें तें आहे कीं नाहीं, हें आजच पाहून घ्यावें. त्यावर चाचणीचें बटन असतें. यंत्र बाहेर काढण्यापूर्वीं तें दाबावें. वीज तुटली नाहीं, तर वीजतंत्री येईपर्यंत गवत खुशाल वाढूं द्यावें.