स्वागत, समस्त रेणापूरकरांच्या वतीने

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि डॉक्टर बंधू-भगिनींनो,

रेणुकामातेच्या गावात, रेणेच्या काठी आपलं स्वागत. लातूर हाकेच्या अंतरावर असताना परिषद रेणापुरात कशाला, असं विचारणारे कालही भेटले. त्यांना आधी आमची हलती दीपमाळ सांगितली, मग विधानसभेचा इतिहास. गोपीनाथराव मुंडे १९८० साली पहिल्यांदा आमदार झाले ते रेणापूर मतदारसंघातून. १९९५ मध्ये राज्याला उपमुख्यमंत्री मिळाला, तोही रेणापूरचाच आमदार! पुढे पुनर्रचना झाली आणि २००९ पासून मतदारसंघांच्या यादीत आमचं नाव नाही. तालुका आला, मतदारसंघ गेला. असो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, विषयाकडे येतो.

मी आडत दुकानदार. काट्यावर माझा फार विश्वास. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या पुणेकरांची २१.२! पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली नवजात बाळंही त्यांनी मोजली. इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी, स्नायू कमी, चरबी तेवढी राखलेली. आमच्या मोंढ्यात अजूनही म्हणतात, “काटक गडी हाय, त्याला कुठली आलीय शुगर?” पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे गेली की सावध व्हावं, हे मला डॉक्टरांनीच शिकवलं. बाकीचं तुम्ही बोला.

आता व्यवस्थेचं. मांडव कालच्या वाऱ्यात एका बाजूने कलला, म्हणून मागच्या चार रांगा उन्हात आल्यात. निवासाच्या खोल्यांत पाणी सकाळी सातपर्यंतच येईल. त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. भाकरी, धपाटे, वरण ठरलं होतं. जिलेबी एका देणगीदारांनी परस्पर सांगितली. विषय समजावून पाहिला, पण त्यांचं मन मोडवेना. खुर्च्या देणारे मंगल कार्यालयाचे मालक, ज्वारी देणारे शेतकरी, रात्रभर राबलेली कॉलेजची पोरं, भाकऱ्या थापणाऱ्या बचतगटाच्या ताई, सगळ्यांचे आभार. कुणी राहिलं असेल तर जेवताना मला भेटा, समारोपात नाव घेतो.

जनरेटरला डिझेल दुपारपर्यंतचंच आहे. तेव्हा ज्यांना पडद्यावर चित्रं दाखवायचीत, त्यांनी आधी बोलून घ्यावं.