नव्या शहरात डिझाइनचं काम

आम्ही दोघी सख्ख्या जावा, आपल्या वालूरच्याच. पुण्याला जाऊन आम्हाला सात वर्षं झाली. दिवाळीला गावी आलो की गटातल्या बाया विचारतात, ‘तुम्ही तिथं नेमकं करता तरी काय?’ आज तेच सांगायला बसलोय.

लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, बॅनर, मसाल्याच्या पाकिटावरची लेबलं यांची आम्ही आखणी करतो. थोरलीचा हात चित्राला आणि अक्षराला चांगला. धाकटी लग्नाआधी सेलूला डीटीपी शिकलेली. इथं होतो तोवर काम दारात चालत यायचं, कारण पत्रिका कोण करून देतं हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. मग पावसानं दगा दिला, घरचे दोघं भाऊ चाकणला कंपनीत लागले आणि आम्ही भोसरीत एका खोलीत येऊन पडलो. तिथं आमचा हात कुणाला माहीत?

घरची मंडळी म्हणाली, शहरात एवढे शिकलेले लोक असताना तुम्हाला कोण विचारतंय? पॅकिंगला जा, महिन्याला पगार तरी येईल. खोटं कशाला बोलावं, आमच्याही मनात तेच आलं होतं. तरी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली.

भोसरीहून मनपाची बस धरायची, तिथून चालत शनिवार पेठ, नारायण पेठ, अप्पा बळवंत चौक. त्या भागात छापखाने पुष्कळ. पहिल्याच ठिकाणी फजिती झाली. आमची कामं पेनड्राइव्हमध्ये होती. त्यांच्या संगणकावर उघडली तर सगळ्या मजकुराचा किडामुंगी झालेला, कारण आम्ही वापरलेला फाँट त्यांच्याकडं नव्हता. दोघी मान खाली घालून बाहेर आलो. तेव्हापासून फाइल देताना मजकूर कर्व्ह करून देतो, म्हणजे अक्षराचं चित्रच होतं आणि ते कुठंही बिघडत नाही. सोबत पीडीएफ देतो. आपली एक प्रत जशीच्या तशी ठेवायची, नाहीतर नंतर चूक दुरुस्त करता येत नाही.

दुसऱ्या वेळी कागदावर छापलेले दहा नमुने एका फायलीत लावून नेले. पहिल्या पानावर आपल्या गावच्या बारवेचं चित्र होतं, गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांचं. पानभर पायऱ्या आणि मधे निमंत्रणाचा मजकूर. मालक बघतच राहिले, ‘हे कुठलं?’ म्हणाले. तिथून बोलणं सुरू झालं. (पुढं गावानं बारव साफ केली आणि २०२२ मध्ये टपाल खात्याच्या चित्रांच्या पोस्टकार्डावर ती आली, तेव्हा आम्ही त्यांना मुद्दाम दाखवायला गेलो होतो.)

पण काम चित्रामुळं मिळालं नाही. त्यांच्या टेबलावर एक पत्रिका पडली होती. तिच्यात पहिली वेलांटी अक्षराच्या मागं गेलेली, जोडाक्षरं सुटी पडलेली आणि ‘आशीर्वाद’ चुकीचा. करणारा मुलगा हुशार होता, पण त्याचं शिक्षण इंग्रजीत झालेलं, त्याला ते दिसलंच नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सोय आधी चालू करावी लागते, नाहीतर असंच होतं. धाकटीनं तिथंच बसून अर्ध्या तासात ती पत्रिका नीट करून दिली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. शहरात डिझाइन करणारे खंडीभर आहेत, पण शुद्ध मराठी मांडणारे कमी, हे आम्हाला तिथं कळलं. आपण ज्याला काहीच समजत नव्हतो, त्यालाच भाव होता.

दुसरी कामं शेजारातून आली. आमच्या चाळीत नांदेड, हिंगोली, जालन्याची माणसं. कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत, एका ताईंची खानावळ. आता फोनवर फुकट पत्रिका बनते, मग आम्हाला पैसे का द्यावेत, असं विचारतात. छापायची नसेल तर देऊ नका, असंच आम्ही सांगतो. छापायची असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फोनवर झगमगणारा पोपटी रंग कागदावर मळकट उतरतो, कारण पडद्याचे रंग वेगळे आणि छपाईच्या शाईचे वेगळे. पन्नास प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते. हजार हव्या असतील तर ऑफसेट, कारण प्लेटांचा खर्च एकदाच होतो. हे समजावून सांगितलं की माणूस पुन्हा येतं.

फसलोही. एका दुकानानं ‘ट्रायल’ म्हणून आमच्याकडून तीन बोधचिन्हं करून घेतली, पैसे दिले नाहीत. महिन्याभरानं त्यातलंच एक पाटीवर दिसलं. थोरली तिथंच रस्त्यावर रडली. आता जुने नमुने दाखवतो, नवं काम अर्धे पैसे हातात पडल्यावरच सुरू करतो. ओळखीचा असला तरी. नवरे म्हणतात, फार कडक झालात.

आणखी एक. ‘घरबसल्या डिझाइनचं काम देतो, आधी डिपॉझिट भरा’ असे मेसेज येतात. काम देणारा माणूस पैसे मागत नाही, देतो. भरून बसला असाल तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकं बरं. तशीच उद्यम नोंदणी. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. आमच्याकडं एकानं त्याचे दीड हजार मागितले होते.

तीन महिन्यांच्या मुदतीत आमची कमाई पॅकिंगच्या पगाराच्या निम्मीही नव्हती. घरात बोलणी खाल्ली. बरोबरी व्हायला दीड वर्ष लागलं, आणि आजही आषाढ ते दिवाळी हात मोकळाच असतो. त्या दिवसांत लेबलं आणि शाळांची कामं बघतो. लग्नसराईत मात्र रात्री दोन वाजतात.

आपल्यातली कुणाची लेक-सून पुण्याकडं निघाली असेल आणि तिला हे काम येत असेल, तर तिला छापलेले नमुने घेऊन यायला सांगा. आमचा नंबर रेडिओ केंद्रावर लिहून ठेवलाय. पहिल्या दिवशी त्या पेठांमधून आम्ही तिच्यासोबत फिरू. रविवार सोडून, त्या दिवशी छापखाने बंद असतात.