सरपणाचा भाव : युरोपातला आणि आपला



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला 'महागाई' या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा प्रथम आम्हांला संकोच वाटला. या व्यासपीठावरून मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ बोलून गेले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या पायऱ्यांवर. म्हणून सगळ्या महागाईला हात घालण्याचे धाडस आम्ही करीत नाही. एकच जिन्नस घेतो. त्याचा भाव का चढला आणि चढलेला भाव कोणी सोसला, एवढेच पाहतो.

हा जिन्नस आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नसेल. युरोपात थंडीच्या दिवसांत घर उबदार राखण्यासाठी लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्या जाळतात. त्यांस पेलेट म्हणतात. २०२१ च्या उन्हाळ्यापासून २०२२ च्या शरदापर्यंत जर्मनीत या पेलेटचा भाव तिपटीहून अधिक चढला. आपण म्हणाल, या वैशाखाच्या उकाड्यात जर्मनीतल्या थंडीचे पुराण कशाला? परंतु भुशाचा भाव कसा चढतो, हे आम्ही लहानपणी आमच्याच चाळीत पाहिले आहे. तेथूनच सुरुवात करतो.

आमच्या घरी भुशाची शेगडी होती. इथल्या पन्नाशीच्या पुढच्या भगिनींना ती आठवत असेल. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. मधोमध एक गोल दांडका उभा धरायचा, भोकातून दुसरा आडवा घालायचा आणि भोवती भुसा ठासून भरायचा. मग दोन्ही दांडके हलक्या हाताने काढून घ्यायचे, की आत धुराडे तयार. खालून एक काडी पेटवून सारली की दोन वेळचा स्वयंपाक होई. रॉकेलच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा हे बरे, असे आई म्हणे. भुसा आणण्याचे काम आमच्याकडे होते. लाकडाच्या वखारीचा मालक प्रथम म्हणे, "ने रे पोरा, जागा तरी मोकळी होईल." पुढे चाळीतल्या घराघरांत ही शेगडी आली, तेव्हा पोत्याला चार आणे पडू लागले. त्यानंतर एक वीटभट्टीवाला गाडी भरून भुसा उचलू लागला आणि पोत्याचा भाव दीड रुपया झाला. भुसा तोच, वखारही तीच. ज्याला कालपर्यंत कोणी विचारत नव्हते त्याला दोन गिऱ्हाइके आली आणि त्यांतले एक आमच्याहून मोठे होते. ज्यांनी भुशाच्या भरवशावर घरातली दुसरी शेगडी मोडीत काढली होती, त्यांना तो दीड रुपया मुकाट्याने द्यावा लागला.

आता पेलेटकडे वळू. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत जो भुसा पडतो तो वाळवून, बारीक करून, जाड पोलादी चाळणीच्या भोकांतून मोठ्या दाबाने बाहेर काढतात. दाबामुळे तो तापतो, लाकडातलाच चिकट अंश मऊ होतो आणि कांडी घट्ट बसते. जाडी साधारण ६ मिलिमीटर. दोन किलो पेलेटमधून सुमारे एक लिटर तेलाइतकी ऊब मिळते. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा जर्मनीत नोकरीस आहे. त्याने पत्रातून सारी व्यवस्था आम्हांला कळवली. तो ज्या घरात भाड्याने राहतो त्याच्या तळघरात एक भट्टी आणि शेजारी पेलेटची कोठी आहे. वर्षातून एकदा टाकीची मोटार येते आणि नळीतून वाऱ्याच्या जोराने पेलेट कोठीत सोडते. भट्टी स्वतःच लागेल तेवढे पेलेट ओढून घेते व साऱ्या घरात गरम पाणी फिरते. भाडेकरू दरमहा ठरावीक रक्कम आगाऊ भरतो आणि वर्षअखेर हिशेब होतो.

ही भट्टी स्वस्त नव्हे. वीसपंचवीस हजार युरो सहज लागतात. तरी लोकांनी ती घेतली, कारण सरकारनेच ती घेण्यास सांगितले. जर्मनीत २०२० पासून, जुनी तेलाची भट्टी काढून लाकडाची बसवणाऱ्याला खर्चाच्या ४५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळत होते. तेल परदेशाचे, लाकूड आपल्या रानातले. तेलाचा भाव वरखाली होतो, लाकडाचा फारसा हलत नाही, असे लोकांना सांगितले जाई. बरीच वर्षे ते खरेही होते.

पूर्वसूचना मात्र मिळाली होती. शेजारच्या ऑस्ट्रियात २००६ साली भट्ट्या भराभर खपल्या, पेलेट अपुरे पडले, भाव भडकले. पुढच्याच वर्षी तेथे नव्या पेलेट भट्ट्यांचा खप निम्म्याहून खाली आला. ज्यांनी अजून भट्टी घेतली नव्हती ते लोक थांबले. ज्यांनी घेतली होती त्यांना थांबण्याची सोय नव्हती. भाव चढला की नवे गिऱ्हाईक पाठ फिरवू शकते. जुन्याच्या तळघरात भट्टी बसलेली असते.

पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने रशिया आणि बेलारूस येथील लाकूड व पेलेट बंद केले. रशियाचे जुने करारही जुलैत संपले. युक्रेनचा माल रोडावला. रशियाचा गॅस आटू लागला आणि त्याचा भाव आकाशाला भिडला, तेव्हा ज्यांच्या घरी लाकडाची शेगडी होती ते सारे बाजारात उतरले. ऑक्टोबरात कोठी भरणारा माणूस जूनमध्येच भरू लागला. पेलेटच्या कारखान्यांना वीज आणि डिझेल महाग झाले. व्याजाचे दर चढून घरबांधणी मंदावली, तेव्हा गिरण्यांत लाकूड कमी कापले जाऊ लागले आणि भुसाही कमी पडू लागला. २०२१ च्या उन्हाळ्यात जर्मनीत टनाला सुमारे सव्वादोनशे युरो भाव होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो सातशेच्या वर गेला. ज्या घराला वर्षाला पाच टन लागतात, त्याचा अकराशे युरोंचा खर्च साडेतीन हजारांवर गेला.

इथे आम्ही आपले लक्ष एका गोष्टीकडे वेधू इच्छितो. इटलीसारख्या देशाला पेलेट बाहेरून आणावे लागतात. तेथे १५ किलोंची पिशवी दुपटीने महागली, हे समजू शकते. परंतु जर्मनी स्वतः जाळते त्याहून अधिक पेलेट तयार करते! रान तिथलेच, गिरणी तिथली, भुसा तिथलाच. तरीही भाव तिपटीवर गेला. कारखान्याचा खर्च वाढला होता हे कबूल, पण तो तिपटीने वाढला नव्हता. शेजारच्या दुकानात गॅस काय भावाने मिळतो आणि थंडीला भ्यालेला माणूस किती मोजण्यास तयार आहे, यावर पेलेटचा भाव ठरत होता. 'आपल्या रानातले लाकूड' या शब्दांचा आधार त्या दिवशी गिऱ्हाइकाला मिळाला नाही.

सरकारे स्वस्थ बसली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इटलीने २०२३ साठी पेलेटवरील कर २२ टक्क्यांवरून १० वर आणला. फ्रान्सने लाकूड जाळणाऱ्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना ५० ते २०० युरोंच्या हुंड्या दिल्या. जर्मनीने असे ठरवले की २०२१ च्या सरासरी भावाच्या दुपटीपर्यंतची वाढ कुटुंबाने सोसावी. त्यावर गेलेल्या खर्चाचे ८० टक्के, जास्तीत जास्त २००० युरो, सरकार देईल. ही मदत लहान नव्हती. पण ती कशी मिळाली तेही पाहा. नळाचा गॅस वापरणाऱ्यांचा डिसेंबर २०२२ चा हप्ता सरकारने अर्ज न मागता भरला. पेलेटवाल्याने मात्र पावत्या जपून ठेवायच्या, आणि बहुतेक प्रांतांत अर्ज घेणे सुरू झाले ते मे २०२३ मध्ये. म्हणजे ज्या थंडीसाठी पैसा हवा होता ती थंडी सरून गेली होती. ज्याचा भाव बरोबर दुप्पट झाला त्याला एक पैही नाही. त्या सुमारास बाजारभाव टनाला चारशे युरोंच्या खाली आला होता. ज्याच्या गाठीस पैसा होता तो थांबला आणि स्वस्तात भरून मोकळा झाला. ज्याची कोठी रिकामी होती त्याने सप्टेंबरच्या भावाने भरली.

बंधुभगिनींनो, हे वाचताना आम्हांला आमच्या युनियनच्या कचेरीतला एक प्रसंग राहून राहून आठवत होता. तो सांगतो, कारण त्यात आमचाही दोष आहे.

केंद्र सरकारची उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, तीही नेमकी १ मे रोजी, कामगार दिनी. चुलीच्या धुराने आमच्या विडी कामगार भगिनींच्या छातीचे काय होते ते आम्ही वर्षानुवर्षे पाहत होतो. तंबाखूची धूळ दिवसभर आणि धूर दोन्ही वेळा. म्हणून आम्ही योजनेचे मनापासून स्वागत केले. वस्तीवस्तीत सभा घेतल्या, अर्ज भरून दिले. चूल मोडा, असे आम्ही स्वतःच्या तोंडाने सांगितले. धुराविषयी जे सांगितले ते आजही खरे आहे, आणि ते आम्ही मागे घेत नाही. पण टाकीच्या भावाविषयी आम्ही एक शब्दही बोललो नाही, कारण आम्ही त्याचा विचारच केला नव्हता. देशात लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येतो, ही गोष्ट आम्ही पुढे वाचली. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबईत १४.२ किलोंची टाकी सहाशे रुपयांच्या आत होती. जुलै २०२२ मध्ये ती १०५२ रुपये ५० पैशांवर गेली. त्याच दिवसांत एक वयस्कर भगिनी कचेरीत आल्या. रिकामी टाकी त्यांनी रिक्षातून आणली होती. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही म्हणालात म्हणून चूल मोडली. आता पाच दिवसांच्या विड्या एका टाकीला जातात. टाकी आणू का रेशन भरू, ते तुम्हीच सांगा."

आम्ही त्यांना महागाई निर्देशांक सांगणार होतो काय? औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात, २०१६ पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत, इंधन व दिवाबत्तीला शंभरांत साडेपाच एवढेच वजन आहे. टाकीचा भाव घरात जेवढा भडकतो, त्याचा फार थोडा भाग भत्त्यात उतरतो. आणि ज्याला भत्ताच नाही त्याला तेवढाही नाही. उज्ज्वलाच्या टाकीला मे २०२२ पासून २०० रुपयांची सूट होती, ती आम्ही सांगितली. बाईंनी ऐकून घेतले. "बरं," म्हणाल्या आणि टाकी घेऊन परत गेल्या. पुढच्या महिन्यात आम्ही त्यांच्या घरी गेलो, तो अंगणात तीन विटांची चूल पेटली होती. २०२३ आणि २०२४ मध्ये टाकीचा भाव तीनशे रुपयांनी उतरला, २०२५ मध्ये पुन्हा पन्नासाने चढला. या चढउतारात त्या बाईंचे मत कोणी विचारले नाही.

विदर्भाचे एक उदाहरण देऊन उपसंहाराकडे येतो. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाटी उभी राहते. शेतमजुराच्या घरचे ते सरपण. आता तिच्याही कांड्या व पेलेट होऊ लागले आहेत, आणि कोळशाच्या वीजकेंद्रांनी ५ टक्के शेतीच्या काडीकचऱ्याचे पेलेट जाळावेत असे धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढले. शेतात उगाच जाळण्यापेक्षा पऱ्हाटीचे दोन पैसे शेतकऱ्याला मिळावेत, याला आमचा विरोध नाही. परंतु वखारीवर वीटभट्टीवाल्याची गाडी आली, तेव्हा आमच्या पोत्याचे काय झाले ते आम्हांला ठाऊक आहे. मोठे गिऱ्हाईक येते, तेव्हा लहानाचा वाटा आधीच बांधून ठेवावा लागतो.

म्हणून आमचे मागणे तीन कलमांचे आहे. पहिले, जे सरकार वा जी कंपनी माणसाला चूल बदलायला लावते, तिने काही ठरावीक वर्षांपुरती नव्या इंधनाच्या भावाची कमाल मर्यादा त्याच दिवशी लेखी बांधून द्यावी. शेगडीला अनुदान आणि सरपण मात्र बाजाराच्या स्वाधीन, असा सौदा करू नये. दुसरे, भाव भडकल्यास मदत त्याच हंगामात आणि अर्जाविना पोहोचावी. पुढच्या उन्हाळ्यात पावत्या तपासून नव्हे. तिसरे, भुसा असो वा पऱ्हाटी, कारखान्याशी करार होण्यापूर्वी त्या गावच्या चुलींचा हिस्सा वेगळा काढावा.

आणि एक गोष्ट आम्हां कार्यकर्त्यांसाठी. कोणालाही नवी शेगडी घ्या असे सांगायला जाऊ, तेव्हा तिचे इंधन कोठून येते आणि त्याचा भाव कोण ठरवतो, हे आधी विचारून घेऊ. त्या बाईंना आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. तोवर आमच्या कचेरीत हा विषय मिटलेला नाही.